जळगावचा ‘पझेशन’ फुटबॉल वर्ग: रोंडो पक्का, पुढचं अर्धं

जळगावात महामार्गाला लागून असलेल्या एका टर्फवर संध्याकाळी फुटबॉलचा वर्ग भरतो. फाटकावरच्या फलकावर नामांकित स्पॅनिश फुटबॉल प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलाचा मोठा फोटो आणि खाली ‘पझेशन पद्धतीने फुटबॉल शिका’ अशी ओळ. पझेशन म्हणजे बॉल आपल्याच संघाकडे राखून खेळणं. आठवड्यातून तीन दिवस, रोज दीड तास. ९ ते १२ वर्षांच्या मुलामुलींचा एक गट, १३ ते १६ चा दुसरा. फी महिन्याला १८०० रुपये. बिब (अंगावर चढवायची रंगीत बनियनं), कोन आणि बॉल वर्गाचे. शूज आणि पाण्याची बाटली आपली. भुसावळ, एरंडोल, धरणगावहूनही पोरं येतात, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च आणि पालकांची संध्याकाळ हेही हिशेबात धरायला हवं. म्हणून ग्वार्डिओलाचं नाव लावून इथे नेमकं काय शिकवतात ते नीट तपासलेलं बरं. वर्गाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. असा वर्ग उद्या धुळ्यात किंवा अमळनेरात निघाला तरी याच कसोट्या लावता येतील.

मत आधीच सांगून टाकतो. लहान गटात मूल जरूर घाला. मोठ्या गटात घालण्याआधी थोडी चौकशी करा. बॉल आपल्याकडे राखायची कसरत हे प्रशिक्षक फार चांगली शिकवतात. पण बॉल राखायचा कशासाठी, आणि गेला तर पुढच्या पाच सेकंदांत कोणी काय करायचं, हा भाग इथवर पोहोचलेलाच नाही. आणि तोच तर ग्वार्डिओलाने आपल्या गुरूंकडून घेतलेला खरा ऐवज आहे.

गुरू म्हणजे आधी योहान क्रायफ. रिनस मिशेल्स या प्रशिक्षकाच्या हाताखाली आयाक्समध्ये घडलेला आणि त्या संघाकडून १९७१, १९७२ आणि १९७३ असे सलग तीन युरोपियन कप जिंकलेला हा डच खेळाडू १९८८ ते १९९६ बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता. सांतपेदोर गावातून तेराव्या वर्षी बार्सिलोना क्लबच्या ला मासिया या निवासी शाळेत आलेला ग्वार्डिओला अंगाने किरकोळ होता, धावायला बेताचा, धक्काबुक्कीत मागे पडणारा. तेव्हाच्या बहुतेक क्लबांनी असा मुलगा हाफच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या, जागेवर उभाच केला नसता. क्रायफने १९९० च्या डिसेंबरात त्याला पहिल्या संघात उतरवलं आणि बचावफळीच्या पुढे, ४ नंबरच्या जागेवर खेळवलं. बॉल पायाशी येण्याआधीच पुढचा पास त्याच्या डोक्यात ठरलेला असायचा, एवढ्या एका गुणावर. १९९१ ते १९९४ बार्सिलोनाने सलग चार वेळा स्पॅनिश लीग जिंकली. १९९२ मध्ये वेम्बलीवर सांपदोरियाला १-० हरवून क्लबचा पहिला युरोपियन कप आला, जादा वेळेत रोनाल्ड कोमनने मारलेल्या फ्री किकवर. त्या संघाचा ४ नंबर तेव्हा २१ वर्षांचा होता.

हे इथे सांगायचं कारण वर्गाची प्रवेश चाचणी. मुलाला ३० मीटर पळायला लावून वेळ घेतात, मग बॉल किती वेळा उडवता येतो ते मोजतात, आणि त्यावरून मोठ्या गटातली ‘अ’ आणि ‘ब’ तुकडी ठरते. या चाचणीत त्या वयाचा ग्वार्डिओला ‘ब’ तुकडीत गेला असता. पझेशन खेळासाठी मूल निवडायचं तर त्याला चार विरुद्ध एकमध्ये पाच मिनिटं खेळवा आणि फक्त त्याची मान बघा. बॉल दुसऱ्याकडे असताना जे मूल दोन-तीनदा खांद्यावरून मागे बघतं, ते पुढच्या तुकडीतलं. पळण्याची वेळ नोंदवायला हरकत नाही, तुकडी त्यावर ठरू नये.

आता या वर्गाची खरी जमेची बाजू, रोंडो. काही जण गोल उभे राहतात, एक किंवा दोन मध्ये, आणि मधल्यांना बॉल लागू द्यायचा नाही. बार्सिलोनात ही कसरत १९७० च्या दशकात लाउरेआनो रुइझ यांनी रुजवली आणि क्रायफने ती रोजच्या सरावाचा कणा केली. शाळेच्या पटांगणात पोरं हा खेळ वेळ काढायला खेळतात. इथे तो अभ्यास म्हणून घेतला जातो, आणि मापं बरोबर असतात. लहान गटाला सुरुवातीला ६ बाय ६ मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध एक. हात बसला की ८ बाय ८ मध्ये चार विरुद्ध दोन. मोठ्या गटाला ९ बाय ९ मध्ये पाच विरुद्ध दोन. एक फेरी ६० ते ९० सेकंदांची, मध्ये अर्धा मिनिट दम. फेरी तीन-चार मिनिटं लांबवली की पोरं पाय सोडून उभी राहतात आणि चुकीचीच सवय लागते, हे या प्रशिक्षकांना पक्कं माहीत आहे.

चौकोनाच्या कोपऱ्यात कोणालाही उभं राहू देत नाहीत. कोपऱ्यात उभा असलेल्याला दोनच दिशा उरतात, बाजूच्या मध्यावर उभा असलेल्याला तीन. पास देऊन झाला की एक-दोन पावलं डावी-उजवीकडे सरकायचं, म्हणजे मधल्या पोराच्या सावलीतून बाहेर यायचं. बॉल घ्यायचा तो देणाऱ्यापासून लांबच्या पायावर. डावीकडून येणारा बॉल डाव्याच पायावर थांबवला तर अंग देणाऱ्याकडेच वळलेलं राहतं आणि बॉल आला तसाच परत जातो. तोच बॉल समोरून वाहू देऊन उजव्या पायाने घेतला की कंबर आपोआप उघडते आणि समोरचं अर्धं मैदान दिसतं. लहान गटाचे सर यासाठी मुलाच्या मागे गुडघ्यावर बसतात, हलकेच त्याचा खांदा धरून अंग तिरकं करून देतात आणि तसंच दहा-बारा पास घ्यायला लावतात. शब्दाने सांगून हे येत नाही.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट रंगांची. रोंडो चालू असताना सर चौकोनाबाहेर फिरत असतात, हातात लाल, पिवळा, निळा असे तीन बिब. बॉल वाटेत असताना एखाद्याच्या पाठीमागे जाऊन एक बिब वर धरतात. बॉल पायाशी यायच्या आत त्या पोराने रंग ओरडून सांगायचा. रंग चुकला तर पास बाद. सुरुवातीला बॉलच सुटतो, कारण मान मागे वळली की पाय थांबतात. मग कधी बघायचं ते पोरांच्या ध्यानात येतं: समोरच्याच्या पायाला बॉल लागतो त्या क्षणी. तेव्हा बॉल कुठे जाणार हे ठरलेलं असतं, त्याच्याकडे बघत बसायचं काही कारण नसतं. ही एक सवय लागली तरी १८०० रुपये वसूल आहेत. शिवाय पोरं एकमेकांना सांगायला शिकतात. ‘मांगे शे!’ (मागे आहे!) ही अहिराणी हाक टर्फवर सतत कानावर पडते, आणि सर ती मराठीत किंवा इंग्रजीत बदलायला लावत नाहीत. हाक जितकी लहान आणि तोंडातली, तितकी ती वेळेवर निघते.

गडबड होते ती गुण मोजण्यात. दोन्ही गटांत नियम एकच: सलग दहा पास झाले की एक गुण. ऐकायला सरळ आहे, पण परिणाम उलटा होतो. दहा आकडा गाठायचा म्हणून पोरं शेजारच्यालाच देत राहतात. बॉल कडेकडेने फिरतो, मधले दोघे जागेवर उभे राहून बघतात, कोणाला काहीच शिकायला मिळत नाही. पाससाठी पास हा प्रकार ग्वार्डिओलाला मुळीच मान्य नाही. त्याच्या लहान पासांच्या खेळाला लोकांनी दिलेल्या ‘टिकी-टाका’ या नावावर तो चिडतो तो याच कारणाने. त्याच्या खेळात बॉल एका बाजूला फिरवतात तो समोरच्या संघाला तिकडे ओढण्यासाठी. ते सगळे सरकले की दुसऱ्या बाजूला माणूस मोकळा होतो, आणि हल्ला तिथून होतो. पास हे समोरच्याला हलवायचं हत्यार आहे. समोरचा हललाच नाही तर तीस पास झाले काय आणि तीन झाले काय, सारखंच.

उपाय फुकटात आहे. शेजारच्याला दिलेल्या पासला शून्य. मधल्या दोघांच्या फटीतून गेलेल्या पासला एक गुण. तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचलेल्या पासला दोन.

हा तिसरा माणूस म्हणजे या सगळ्या विचाराचा गाभा, आणि मोठ्या गटाला तो शिकवलाच जात नाही. समजा, स्टॉपरकडे (मधल्या बचावपटूकडे) बॉल आहे आणि त्याला तो हाफला द्यायचा आहे, पण हाफच्या पाठीला विरोधी चिकटलेला आहे. सरळ दिला तर जाईल. मग स्टॉपर तो पुढे उभ्या स्ट्रायकरला देतो, स्ट्रायकर एका टचमध्ये मागे सोडतो, आणि हाफ आता गोलकडे तोंड करून मोकळा असतो, कारण त्याला चिकटलेल्याचे डोळे बॉलबरोबर स्ट्रायकरकडे गेलेले असतात. यात सगळा खेळ वेळेचा. हाफने निघायचं ते पहिला पास वाटेत असताना. स्ट्रायकरच्या पायाला बॉल लागल्यावर निघाला तर उशीर, स्टॉपरने मारायच्या आधीच निघाला तर चिकटलेलाही बरोबर येतो. स्ट्रायकरचा सोडलेला बॉल जमिनीलगत आणि मऊ हवा, हाफच्या पुढे एक पाऊल. हे शिकवायला तीन पोरं, एक खोटा बचावपटू म्हणून खांब आणि १५ मीटर जागा पुरते. पंधरा मिनिटं रोज दिली तर महिन्यात फरक दिसतो.

मोठ्या मैदानावर याचं रूप बघायचं असेल तर २ मे २००९ चा माद्रिदमधला सामना बघा. बार्सिलोनाने रेआल माद्रिदला ६-२ ने हरवलं. ग्वार्डिओलाने मेस्सीला उजव्या विंगवरून काढून मध्ये आणलं, पण स्ट्रायकरच्या जागेवर न ठेवता हाफच्या ओळीत मागे उतरायला सांगितलं. रेआलच्या स्टॉपरांपुढे पेच उभा राहिला. त्याच्यामागे पुढे जावं तर पाठीमागे जागा उघडी पडते, न जावं तर तो मोकळा बॉल घेऊन वळतो. ऑन्री आणि एतो दोन्ही बाजूंनी त्या उघड्या जागेकडे बघत होते. मोकळा माणूस असा तयार करतात. क्रायफच्या संघात मिकाएल लाउड्रुप असाच मागे उतरायचा.

टर्फची एक अडचण या वर्गाच्या हातात पूर्ण नाही, पण अर्धी आहे. टर्फ साधारण ३२ बाय २० मीटरचं, चारी बाजूंना जाळी. बॉल बाहेर जातच नाही. पोरं जाळीवर मारून परत घ्यायला शिकतात आणि कडेची रेघ ही गोष्टच त्यांच्या डोक्यातून जाते. क्रायफ विंगर रेघेला चिकटवून उभा करायचा, मग त्याच्याकडे बॉल येवो न येवो. त्याच्या तिथे असण्यानेच समोरचा फुल बॅक (कडेचा बचावपटू) बाहेर ओढला जातो आणि मध्ये फट पडते. जाळी असलेल्या मैदानात हे शिकवायचं तर जाळीपासून एक मीटर आत चपट्या रबरी मार्करची रेघ घालायची आणि तिच्यापलीकडे गेलेला बॉल विरोधी संघाला द्यायचा. वीस-पंचवीस मार्कर लागतात. वर्गाकडे ते आहेत, कोपऱ्यातल्या पोत्यात पडून असतात.

तीच गोष्ट शेवटच्या सामन्याची. रोज २५ मिनिटं सहा-सहा जणांचा सामना होतो, आणि तासभर जे शिकवलं ते त्यात विरघळून जातं. जिकडे बॉल तिकडे सगळे. बायर्न म्युनिकमध्ये ग्वार्डिओलाने सरावाच्या मैदानावर उभ्या-आडव्या रेघा आखून घेतल्या होत्या. उभे पट्टे पाच, आणि नियम असा की एका उभ्या पट्ट्यात दोनपेक्षा जास्त जण नकोत, एका आडव्या रांगेत तीनपेक्षा जास्त नकोत. शेजारचा पट्ट्यात आला की आपण निघायचं. एवढ्याने पास द्यायला तिरक्या रेषा आपोआप मिळतात. या टर्फवर पाच पट्टे पाडायला जागा नाही, तीन पाडा, साडेसहा मीटरचा एक. सामना दर पाच मिनिटांनी थांबवून एवढंच विचारा: तुमच्या पट्ट्यात कोण कोण आहे? लहान गटालाही हे जमतं.

गोलकीपरांची इथे आबाळ आहे. दोन्ही गटांतले गोलकीपर वेगळे काढून एका टोकाला डाइव्ह मारायला लावतात, रोंडोत घेतच नाहीत. १९७४ च्या विश्वचषकात मिशेल्सने हॉलंडच्या गोलमध्ये ८ नंबरचा शर्ट घालणाऱ्या यान योंगब्लूडला उभं केलं, ते त्याच्या पायातल्या खेळासाठी. मँचेस्टर सिटीत आल्यावर ग्वार्डिओलाने जो हार्टला बाजूला करून आधी क्लाउडियो ब्राव्हो आणि २०१७ मध्ये एडरसन आणला, तोही त्याच हिशेबाने. गोलकीपर पासात धरला की मागे आपला एक माणूस नेहमी जास्त असतो. तुमचं मूल गोलकीपर असेल तर या वर्गात घालू नका, निदान सध्या तरी. हातांचं काम बरं शिकेल, पायांचं अजिबात नाही, आणि पझेशन खेळणाऱ्या संघात पायांवाचून त्याला जागा नाही.

आता सगळ्यात मोठी चूक. मधल्याने बॉल हिसकावला की सर शिट्टी वाजवतात, ज्याचा गेला तो मध्ये जातो, आणि सर नवा बॉल आत टाकतात. खेळ परत सुरू. यात बॉल गेल्यानंतरचा क्षण कापला जातो, आणि हा सगळा विचार टिकतो तो त्याच क्षणावर. ग्वार्डिओलाच्या बार्सिलोनात नियम होता की बॉल गेला की पहिली पाच-सहा सेकंद सगळ्यांनी मिळून तो परत मिळवायला तुटून पडायचं, नाही मिळाला तर मागे येऊन रांग लावायची. ज्याने बॉल हिसकावला तो तेव्हा सगळ्यात कच्चा असतो: मान खाली, दम लागलेला, पुढे कोण आहे ते बघितलेलं नाही. जवळच्या एकाने सरळ त्याच्यावर जायचं, दुसऱ्याने त्याचा सगळ्यात सोपा पास बंद करायचा, तिसऱ्याने मागे राहून लांबच्या बॉलची वाट बघायची.

हे जमायला आधीपासून जवळ असावं लागतं, आणि इथे दुसरा गुरू येतो. कारकिर्दीच्या शेवटी, २००६ मध्ये, ग्वार्डिओला मेक्सिकोतल्या कुलियाकानला जाऊन दोरादोस दे सिनालोआ या संघाकडून खेळला, तो तिथे हुआन मानुएल लिलो प्रशिक्षक होता म्हणून. पुढे २०२० मध्ये त्याने लिलोला सिटीत आपला सहायक केलं. हल्ला आणि बचाव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे लिलोचं सूत्र. बॉल जितक्या घाईने पुढे माराल तितक्याच घाईने तो परत येतो, कारण तुमची माणसं मागे राहिलेली असतात. लहान पासांनी सगळे मिळून पुढे सरकलात तर बॉल गेला तरी आजूबाजूला तुमचेच चार जण असतात. रोंडोत पोरं आठ-नऊ मीटरवर उभी करतात त्याचं हेही एक कारण आहे, आणि शिट्टीने नेमकं तेच वाया जातं.

बॉल जास्त वेळ आपल्याकडे असूनही काय होऊ शकतं ते २९ एप्रिल २०१४ ला म्युनिकमध्ये दिसलं. ग्वार्डिओलाचं बायर्न चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत घरच्या मैदानावर रेआलकडून ०-४ हरलं. पुढे माणसं वाढवली, मध्य मोकळा पडला, आणि रोनाल्डोचा पहिला गोल सरळ प्रतिहल्ल्यातून झाला. आपला आराखडाच चुकला, असं ग्वार्डिओलाने स्वतः मान्य केलं.

वर्गाला करायचं एवढंच: शिट्टी बंद. चौकोनापासून दहा मीटरवर दोन बाजूंना दोन छोटे गोल ठेवा. मधल्या दोघांनी बॉल हिसकावला की त्यांनी कुठल्याही गोलात मारायचा, बाहेरच्या पाचांनी पाच सेकंदांत परत घ्यायचा. सरांनी मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं. मधल्यांनाही मग काहीतरी मिळवायचं असतं. सध्या त्यांना मध्ये असणं ही शिक्षा वाटते आणि ते अर्ध्या मनाने पळतात.

सरांबद्दल. २४ मुलांमागे दोन प्रशिक्षक, हे प्रमाण चांगलं आहे. लहान गटाचे सर कमी बोलतात, खेळ थांबवून ‘बॉल यायच्या आधी तुला काय दिसलं?’ असं विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. मोठ्या गटाचे सर मेहनती आहेत, पण रेघेवरून प्रत्येक पास ओरडून सांगतात: ‘दे! डावीकडे! आता मार!’ पोर त्यांच्या आवाजावर खेळतं, नजरेवर नाही. सामन्यात गोंगाट झाला की गोंधळतं. क्रायफला फुटबॉल डोक्याने खेळायचा खेळ वाटायचा. ते डोकं पोराचंच असायला हवं.

मैदान आणि सामान. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४४-४५ वर जातो आणि टर्फ हवेपेक्षाही जास्त तापतं, त्यातले काळे रबरी दाणे उष्णता धरून ठेवतात. साडेपाचला हात टेकवत नाही. अशा वेळी साडेपाचचा तास लहान गटाला आणि सातचा मोठ्या गटाला, हे उलट करायला हवं. पाइपने पाणी मारतात, पण तास सुरू व्हायच्या तासभर आधी. इथल्या कोरड्या हवेत ते तोवर उडून जातं. दहा मिनिटं आधी मारलं तर पाय भाजत नाहीत आणि बॉलही सरसर पळतो. आखूड कापलेलं, ओलं गवत हा क्रायफ आणि ग्वार्डिओला दोघांचा आग्रह, तो याचसाठी. मधल्या भागातले दाणे कडेला सरकलेत, तिथे बॉल उड्या मारतो. आठवड्याला एकदा ब्रश फिरवला तर पुरे.

बॉलची मापं बरोबर आहेत. लहानांना ४ नंबर, म्हणजे परीघ ६३.५ ते ६६ सेंटिमीटर आणि वजन ३५० ते ३९० ग्रॅम. मोठ्यांना ५ नंबर, ६८ ते ७० सेंटिमीटर, ४१० ते ४५० ग्रॅम. हवा मात्र जास्त असते. नियमात ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर चालते. टर्फवर पासाचा सराव करताना खालच्या बाजूला, साधारण ९ पीएसआय ठेवावी. शिवाय बॉल पत्र्याच्या खोलीत ठेवतात. दुपारच्या उन्हात आतली हवा फुगते, तेव्हा गेज लावून पाहिलं तर आकडा फसवा येतो. संध्याकाळी, बॉल बाहेर काढून थोडे निवल्यावर मोजावा.

एक मोठी उणीव शालेय सामने खेळणाऱ्यांसाठी. आपल्याकडचे बरेच सामने पावसाळ्यात काळ्या मातीच्या मैदानांवर होतात. तिथे टर्फवरचा दहा मीटरचा जमिनीलगतचा पास सहा मीटरवर चिखलात रुततो, स्टडमध्ये माती भरते, वळताना पाय सुटतो. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि बॉल कुठेही उडतो. विचार तोच ठेवून मापं बदलावी लागतात: अंतर दोन-तीन मीटरने कमी, पास जास्त जोराचा, बॉलकडे एक पाऊल पुढे जाऊन घ्यायचा, आणि चिखलाच्या पट्ट्यावरून गुडघाभर उंचीचा पास. क्रायफ अ‍ॅमस्टरडॅमच्या बेटोनडॉर्प वस्तीतल्या रस्त्यांवर खेळून वाढला. कडक जमिनीवर पडलं की लागतं, म्हणून तोल सांभाळायला शिकतो, असं तो मानायचा. महिन्यातून दोन तास मुलांना शाळेच्या मैदानावर नेलं तर टर्फवर राहिलेली कमी भरून निघेल. त्यासाठी जाड रबरी बॉल वेगळे ठेवावे लागतील, चकचकीत आवरणाचे बॉल मुरमाड जमिनीवर लवकर सोलतात.

बाकी सोयी ठीक. प्यायचं पाणी थंड, बर्फाची पेटी आणि पट्टी हाताशी असते, पावसाने बुडलेला तास पुढे भरून देतात. बुटांसाठी छोट्या रबरी ठिपक्यांचे टर्फ शूज घ्या. लांब स्टडचे बूट टर्फमध्ये अडकतात आणि गुडघ्याला पीळ बसतो, ते इथे चालवूनही घेत नाहीत.

लहान गटाला निदान सहा महिने द्या, तीन महिन्यांची फी एकदम भरली तर थोडी सूट मिळते. मोठ्या गटासाठी पहिला दिवस फुकट बघायला मिळतो. तेव्हा गोलमागे उभं राहा. बॉल राखणाऱ्या पोरांकडे बघू नका, ज्याच्याकडून आत्ता बॉल गेला त्याच्याकडे बघा. तो मागे धावतो की हात कमरेवर ठेवून उभा राहतो ते मोजा. मग सरांना दोन प्रश्न विचारा: बॉल गेल्यावर शिट्टी का वाजते, आणि गोलकीपर रोंडोत का नाही? ते उत्तर देतात, चिडत नाहीत. पुरेशा पालकांनी विचारलं तर बदलतीलही, इतकी ती माणसं शिकणारी आहेत.